लेखणीवर घर चालवायचं, तेही गोव्यात राहून

२०१७ सालच्या एप्रिलमध्ये पेडणे तालुक्यातल्या एका स्वयंसहाय्य गटाने मला बोलावलं. कोकमाचं आगळ, सोलां (कोकमाची वाळवलेली सालं), कैरीचं लोणचं असा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवायचा, माल त्या बायका करत होत्या. बाटलीवर छापायला त्यांना चार ओळी हव्या होत्या, चव आणि गाव दोन्ही सांगणाऱ्या. ठरलेले पैसे आठशे रुपये. मी ओसरीवर बसले, आगळाची बाटली हातात घेतली. तिच्यावर देवीचं चित्र होतं, गटाचं नाव होतं, फोन नंबर होता. बॅच क्रमांक नव्हता, निव्वळ माप नव्हतं, कधीपर्यंत वापरायचं तेही नव्हतं. पणजीतल्या एका दुकानाने दोन खोकी परत पाठवली होती आणि का पाठवली ते कुणालाच उमगलं नव्हतं.

"ताई, हांगा आनीक कितें बरोवपाचें?" इथे आणखी काय लिहायचं, असं विचारत एकीने बाटली माझ्यासमोर फिरवली.

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. घरी येऊन अन्न सुरक्षेचे लेबलाचे नियम वाचून काढले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, शाकाहाराची हिरवी खूण, चौदा आकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता, सगळ्या करांसह किंमत. आणि मला स्वतःलाच नवीन असलेली गोष्ट म्हणजे सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच. मराठी किंवा कोकणी त्याच्या जोडीला छापता येते, त्याच्याऐवजी नाही. मी लेबल नव्याने लिहून दिलं. पैसे ठरलेले आठशेच घेतले. दोन महिन्यांनी काणकोणहून दुसऱ्या गटाचा फोन आला. "तुम्ही लेबलं तपासून देता ना? किती घेता?" लेखन विचारलंच नव्हतं त्यांनी. तपासणीचा दर मी त्या दिवशी पहिल्यांदा ठरवला.

त्याआधी सात वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. २०१३ मध्ये नोकरी सोडली, फोंड्याला घरी बसून लिहू लागले, आणि पहिली चार वर्षं लेख, भाषांतर, पत्रकं असं मिळेल ते करत राहिले. घर नीट चालायला लागलं ते लेबलांनंतर. म्हणून हे धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहिते आहे, ज्या क्रमाने मी आज पुन्हा सुरुवात केली असती त्या क्रमाने.

पहिली पायरी: विषय निवडा

नुसतं छान लिहिता येतं म्हणून कुणी बोलावत नाही. गोव्यात चांगलं मराठी लिहिणारे गावागावात आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, उत्सवातली नाटकं लिहिणारे आहेत, भजनी मंडळात अभंगाचा अर्थ सोडवून सांगणारे आहेत. पैसे देऊन बोलावणं येतं ते विषय ठाऊक असलेल्या माणसाला.

एक वही घ्या आणि तुमच्या घरात, नात्यात, शिक्षणात काय काय आहे ते लिहून काढा. औषधनिर्माणाची पदविका असेल तर वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतले औषध कारखाने तुमच्या ओळखीचे आहेत. तिथे कामगारांसाठी सुरक्षेच्या सूचना, प्रशिक्षणाच्या पुस्तिका सतत लागतात आणि बहुतेक ठिकाणी त्या इंग्रजीवरून घाईत उतरवलेल्या असतात. घराणं एखाद्या देवस्थानच्या महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानचा कारभार पिढीजात पाहणाऱ्यांपैकी, असेल तर १९३३ चा देवस्थान कायदा, समितीची निवडणूक, जत्रेचा ताळेबंद हे शब्द तुमच्या कानावरून गेलेत. वडील खाणीवर होते, आई आरोग्य केंद्रात परिचारिका होती, मामाची काजूची बाग आहे, काकीने घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. यातलं काहीही चालेल. एकच निवडा, फार तर दुसरं हाताशी ठेवा, आणि दोन वर्षं हलू नका.

विषय ठाऊक असणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण. जमिनीच्या वादावरच्या एका इंग्रजी टिपणाचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. भाषांतर करणाऱ्याने 'मुंडकार' या शब्दाला सगळीकडे 'कूळ' लिहिलं होतं. गोव्याबाहेरच्या वाचकाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. पण कूळ म्हणजे शेत कसणारा, त्याचा कायदा १९६४ चा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहणारा, त्याच्यासाठीचा कायदा १९७५ चा. दोघांचे हक्क वेगळे, अर्ज वेगळे. ते टिपण तसंच वाटलं गेलं असतं तर लोक चुकीच्या अर्जामागे धावले असते. तपासणीचे जे पैसे मला मिळाले ते या एका शब्दाचे होते, असं मी मानते.

भाषांतराची यंत्रं आता फुकट मिळतात आणि साधा मजकूर ती बऱ्यापैकी उतरवतात, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. 'पानाला इतके' या दराने सरळ भाषांतर करून जगण्याचा बेत आज कुणी आखू नये. पण खाडीकाठच्या खाजन शेतीतला मानस (पाणी अडवायचा दरवाजा) कुठे असतो आणि तो का बंद करतात, पुरुमेंत कधी भरायचं, महाजन आणि कुळावी (त्या दैवताला कुलदैवत मानणारे) यांत फरक काय, हे जाणणारा माणूस त्या यंत्राच्या पुढ्यात बसवावाच लागतो. तो माणूस तुम्ही व्हा.

विषय पक्का करायला पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ पासून चालत आलेली ही संस्था आहे. जुनी वर्तमानपत्रं, गोव्यावरची पुस्तकं, शांत बसायला जागा, सगळं एका इमारतीत. पहिल्या वर्षी आठवड्याचा एक दिवस तिथे घालवा. मी मंगळवार ठरवला होता आणि आजही शक्यतो मंगळवारी दुसरं काम घेत नाही.

दुसरी पायरी: तीन नमुने

गिऱ्हाईक पदवी विचारत नाही, "आधी काय केलंय?" एवढंच विचारतं. तीन नमुने पुरतात.

एक लेख तुमच्या विषयावरचा, तुमच्या नावानिशी छापलेला. गोमंतक, नवप्रभा, तरुण भारत, लोकमत, पुढारी अशी मराठी दैनिकं गोव्यात वाचली जातात, त्यांच्या रविवारच्या पुरवण्या बाहेरच्यांचं लेखन घेतात. तिथल्या मानधनावर घर चालणार नाही. पण सोमवारी सकाळी कुणीतरी "तुमचं वाचलं हं" म्हणतं, त्याची किंमत या छोट्या राज्यात मोठी आहे.

दुसरा नमुना 'आधी आणि नंतर' असा. एखादी सूचना, अर्ज, माहितीपत्रक घ्या, ज्यातून सामान्य माणसाला काही कळत नाही. ते सुबोध मराठीत लिहा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. मूळ संस्थेचं नाव झाका. कुणाची उणीदुणी काढून काम मागायचं नाही. हा नमुना मी सगळ्यात जास्त वापरला आहे. समोरचा माणूस दोन्ही बाजू वाचतो आणि आपणहून म्हणतो, आमचंही असंच आहे.

तिसरा भाषांतराचा. अर्धं पान पुरे.

नमुना तयार व्हावा म्हणून फुकट काम करावं का? एकदा करावं, आणि जिथे तुम्ही एरवीही सेवा म्हणून केलं असतं तिथेच. देवळाची स्मरणिका, शाळेचं सुवर्णमहोत्सवी पुस्तक, गावची वाचनशाळा. मात्र बिल पूर्ण रकमेचं करा आणि खाली 'सेवेदाखल सूट' म्हणून ती वजा दाखवा. समितीतल्या माणसांना त्या कामाची किंमत कळते, आणि पुढच्या वर्षी त्यातलाच कुणी आपल्या हॉटेलसाठी फोन करतो तेव्हा आकडा ऐकून दचकत नाही.

भाषा

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर करता येतो. व्यवहारात एकाच गिऱ्हाइकाला तीन-चार भाषा लागतात. बोलणं कोकणीतून, मजकूर मराठीत, अंदाजपत्रक इंग्रजीत, कामगारांसाठीची पाटी हिंदीत. उत्तम मराठी ही तुमची मुख्य भाषा असू द्या, इंग्रजी पत्रव्यवहारापुरती स्वच्छ ठेवा. कोकणी घरची आहे म्हणून लेखी कोकणी आपोआप येते, हा गैरसमज मात्र सोडा. मला ती छापण्याजोगी लिहिता येत नाही. म्हणून कोकणी मजकूर मी एका स्नेह्यांकडे देते, बिलात त्यांचा वाटा वेगळा दाखवते, नावही त्यांचंच जातं. रोमी (रोमन) लिपीतल्या कोकणीसाठी सासष्टी तालुक्यातल्या एक बाई आहेत. जुनी पोर्तुगीज कागदपत्रं वाचणारी माणसं थोडी उरलीत. ओळखीचं कुणी असेल तर त्यांचा नंबर जपून ठेवा.

तिसरी पायरी: दर काढा

नवी मुलं विचारतात, "बाजारात काय चालतं?" बाजारात सगळंच चालतं. शब्दाला तीस पैशांपासून पुढे कितीही. तो आकडा धरून निघालात तर दोन वर्षांत थकाल. उलट बाजूने या, आपल्या घरापासून.

समजा घरखर्च, आरोग्य विमा, कर, वीज-इंटरनेट, लॅपटॉपची पुढची खरेदी आणि थोडी शिल्लक धरून तुम्हाला महिन्याला ४०,००० रुपये लागतात. महिन्यात कामाचे २० दिवस. त्यातल्या प्रत्येक दिवशी बिल लावता येतील असे तास चारच असतात. बाकीचा वेळ फोन, प्रवास, वाचन, वसुली यांत जातो. म्हणजे ८० तास. ४०,००० भागिले ८०, तासाला ५०० रुपये. आता हजार शब्दांच्या माहितीपत्रकाला किती वेळ लागतो ते खरं खरं मोजा: जागेवर जाऊन बोलणं दोन तास, वाचन दोन, लेखन तीन, दुरुस्त्या दोन. नऊ तास, म्हणजे ४,५०० रुपये. गिऱ्हाइकाला तासांचा हिशेब दाखवू नका, कामाची एक रक्कम सांगा. पण तुमच्या वहीत तास लिहा. मी पहिली चार वर्षं ते लिहीत नव्हते, आणि जे काम मला सगळ्यात फायद्याचं वाटत होतं त्यातच सर्वांत कमी मिळत होतं हे मला नंतर कळलं.

रक्कम सांगून झाली की गप्प राहा. नवा माणूस आकडा उच्चारतो आणि लगेच स्वतःच पुढे जोडतो, "पण कमी-जास्त बघू." ते वाक्य समोरच्याला बोलू द्या. तो बोलला, तर पैसे कमी करण्याऐवजी काम कमी करा: दोन दुरुस्त्यांऐवजी एक, किंवा आठ पानांऐवजी सहा.

चौथी पायरी: पहिलं गिऱ्हाईक, आणि गोव्याचं पंचांग

इथे काम ओळखीने मिळतं. त्यात कमीपणा नाही. ओळख म्हणजे या माणसाने आपलं काम अर्धवट टाकलं तर तो कुठे राहतो हे ठाऊक असणं. वीस नावांची यादी करा, तुमच्या विषयाशी संबंध असलेल्या माणसांची. रोज एकाला भेटा. एक पान बरोबर ठेवा: मी कोण, कोणत्या विषयात काम करते, तीन नमुने, फोन. "काही काम असेल तर सांगा" असं म्हणून निघू नका, कारण घरी आलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी कामही देत नाही. विचारा, "तुमच्याकडे येणारे लोक पुन्हा पुन्हा कुठला प्रश्न विचारतात?" त्या उत्तरातच काम असतं. साखळीच्या एका दवाखान्यात उत्तर मिळालं होतं, "रक्त तपासायला उपाशी यायचं की नाही, हे." त्यातून त्यांच्या सूचनांचा सगळा संच माझ्याकडे आला.

कधी जायचं हेही महत्त्वाचं. हॉटेलं आणि घरगुती निवासवाले ऑक्टोबरपासून मानही वर करत नाहीत. त्यांना जून ते ऑगस्टमध्ये गाठा, तेव्हा त्यांच्याकडे बोलायला वेळ असतो आणि येणाऱ्या हंगामाची तयारी चालू असते. पुरुमेंताचा माल करणाऱ्यांना फेब्रुवारीत भेटा, लेबलं मार्चमध्ये छापून व्हायला हवीत. देवस्थानांच्या जत्रा कार्तिकापासून पुढे रांगेने येतात, म्हणून स्मरणिकेचं बोलणं श्रावणातच व्हावं. शाळांकडे परीक्षांच्या दिवसांत जाऊ नका. गणेश चवथीच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर कुणाकडेच जाऊ नका, घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधा. नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो, २००४ पासून तो गोव्यातच होतो. त्या दिवसांत वार्तापत्रं, अनुवाद अशी फुटकळ कामं निघतात. ती घ्या, पण नऊ-दहा दिवसांच्या त्या गर्दीत नेहमीच्या गिऱ्हाइकाचं काम लांबणीवर टाकू नका. ते गिऱ्हाईक डिसेंबरातही इथेच असणार आहे.

पाचवी पायरी: कागद

या भागावर मी मुद्दाम थांबते, कारण मला फटका बसला तो इथेच.

२०१५ मध्ये एका व्यावसायिकासाठी मी वीस पानांची पुस्तिका लिहिली. सगळं बोलणं फोनवर. पुस्तिका छापून झाली, मग त्यातलाच मजकूर त्यांच्या दुसऱ्या दोन ठिकाणच्या पत्रकांत दिसला, आणि माझे पैसे आठ महिन्यांनी, तेही तुकड्यातुकड्याने मिळाले. काय ठरलं होतं ते दाखवायला माझ्याकडे एक ओळसुद्धा नव्हती. त्या आठ महिन्यांत आईच्या औषधांसाठी मी बहिणीकडून उसने घेतले. ते विसरता येत नाही, आणि विसरूही नये असं मला वाटतं.

वकिली भाषेतला करार लागत नाही. एका पानाचं पत्र पुरतं, ईमेलने पाठवायचं आणि 'मान्य आहे' असं उत्तर आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. त्यात इतकं लिहा: कोणतं काम, किती शब्द किंवा पानं, मजकूर कधी देणार, त्यासाठी लागणारी माहिती गिऱ्हाईक कधी देणार, दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, त्यापुढच्या फेरीचे वेगळे पैसे, एकूण रक्कम, अर्धी आगाऊ, उरलेली मजकूर दिल्यापासून १५ दिवसांत. आणि काम मध्येच थांबलं तर आगाऊ रक्कम परत होणार नाही.

शेवटचा मुद्दा हक्कांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर वेगळा करार नसल्यास मालक नोकरी देणारा. तुम्ही नोकर नाही, म्हणून मालकी तुमची. ती दुसऱ्याला द्यायची तर लेखी आणि सहीनिशी. लेखी देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. हे ठाऊक असलं की बोलणं सोपं होतं. लेबलाचे, सूचनांचे सगळे हक्क मी देऊन टाकते, तो मजकूर त्यांचाच आहे. पुस्तिका किंवा लेख असेल तर 'या एका छपाईपुरता' असं लिहिते आणि पुन्हा वापरायचा झाल्यास रक्कम आधीच नोंदवते.

याच्या जोडीला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर होते, एक पैसा लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. नोंदणी झाली की तुम्ही कायद्याने सूक्ष्म उद्योग. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या लेखापालाला नक्की ठाऊक असते. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापते, एवढंच. भांडावं लागलेलं नाही. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी, थकल्यानंतर केलेली उपयोगाची नाही.

हिशेब आणि कर, थोडक्यात

धंद्याचं बँक खातं वेगळं काढा. व्यावसायिक शुल्कावर कंपनी १० टक्के कर कापते, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला एका गिऱ्हाइकाकडून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळत असेल तर. कापलेली रक्कम गेली असं समजू नका. विवरणपत्र भरलं की हिशेबात धरली जाते, जास्त कापली असेल तर परत मिळते. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, आणि मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक असलं तरी मर्यादा तीच.

उत्पन्नाचा निम्मा भाग नफा धरून कर भरण्याची सोपी पद्धत काही ठरावीक व्यवसायांना आहे. त्या यादीत तांत्रिक सल्लागार येतात, चित्रपटाची कथा आणि संवाद लिहिणारे येतात, पण साध्या लेखकाचं नाव तिथे घेतलेलं नाही. तुमचं काम कुठे बसतं हे पहिल्याच वर्षी सनदी लेखापालाला विचारा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा जुन्या व्हिडिओतली कलमं पाठ करू नका.

सहावी पायरी: सल्ल्याचे पैसे

दोन-तीन वर्षं एका विषयात राहिलात की फोन यायला लागतात. "ताई, जरा विचारायचं होतं." हे फोन म्हणजेच तुमचा दुसरा धंदा, पण तो पुष्कळांच्या हातून निसटतो, कारण ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायचे कसे हे कळत नाही. मला चार वर्षं कळलं नाही.

माझी आताची रीत अशी. पहिला फोन वीस मिनिटांचा, त्याचे पैसे नाहीत, आणि त्यात जेवढं ठाऊक आहे तेवढं मोकळेपणाने सांगते. राखून ठेवत नाही. त्यानंतर समोरचा म्हणाला, "आमचं तुम्हीच एकदा बघून सांगा ना," की तिथे काम सुरू होतं. मी सांगते, "बघते. येऊन जाईन, आणि दोन पानांचं टिपण लेखी देईन, त्याचे अमुक रुपये." बोलण्याचे पैसे मागणं जड जातं, टिपणाचे मागता येतात. टिपणात काय चुकतंय, आधी काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं, आणि कुठलं काम माझं नव्हे, हे चार भाग असतात.

चौथा भाग कधी गाळू नका. लेबलावर काय लिहायचं ते मी सांगते. लोणचं किती दिवस टिकेल ते प्रयोगशाळा सांगेल. मुंडकाराचा अर्ज सोप्या मराठीत समजावून देते. तो करावा की नाही ते वकील सांगेल. सुरुवातीला वाटतं की असं दुसऱ्याकडे पाठवलं तर काम जाईल. माझ्याकडे तर ज्यांना मी वकिलांकडे पाठवलं ते परत आले, आणि वकिलांनीही माणसं पाठवली.

अशा टिपणांतून महिन्याचं बांधलेलं काम निघतं: महिन्याला ठरलेले तास, ठरलेली रक्कम, त्या तासांत त्यांनी काहीही विचारावं. अशी तीन गिऱ्हाइकं असली की झोप लागते. पण एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ देऊ नका. २०२० मध्ये पर्यटन थांबलं तेव्हा केवळ हॉटेलांवर अवलंबून असलेल्या माझ्या ओळखीच्या दोघांना एका महिन्यात सगळी कामं गमवावी लागली. माझी लेबलं चालू राहिली, कारण लोक घरी लोणची करून विकू लागले होते.

पाऊस, वीज, माणसं

जून ते सप्टेंबर वीज जाणार हे धरूनच तारखा द्या. इन्व्हर्टर ही पहिल्या वर्षाची खरेदी आहे, नवा फोन नंतर. मजकुराची प्रत घरात एक आणि बाहेर एक ठेवा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत चांगल्या महिन्यातले तीस टक्के उचलून ठेवा.

घरून काम म्हणजे दिवसभर घरच्यांच्या हाताशी, असं घरात सगळ्यांना वाटतं. सासूबाईंना मी वेळ लिहून दिली, सकाळी सात ते अकरा दार बंद. त्या वेळात त्या आता आल्या-गेल्याला स्वतःच सांगतात, "ती कामावर गेली आहे." आणि एकटं पडू नका. पर्वरीला गोमंतक मराठी अकादमी आहे, पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे, वाचकांचे आणि लेखकांचे कार्यक्रम होत राहतात. तिथे जाऊन दुसऱ्या लिहिणाऱ्यांशी दरांबद्दल मोकळं बोला. आम्ही पाच जणी महिन्यातून एकदा फोंड्याला भेटतो, कोण वेळेवर पैसे देतं आणि कोण नाही हे एकमेकींना सांगतो. दोघींना मिळून एखादं मोठं काम घेता येतं, तेही तिथेच ठरतं.

दर वर्षी एप्रिलमध्ये

दरवाढ. ही पायरी टाळली तर पाचव्या वर्षी तुम्ही पहिल्या वर्षाच्या दराने काम करत असता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी जुन्या गिऱ्हाइकांना एवढंच पाठवते: 'नमस्कार. १ एप्रिलपासून माझे दर सोबत जोडल्याप्रमाणे राहतील. मार्चअखेरपर्यंत ठरलेली कामं जुन्याच दराने पूर्ण करून देईन.' कारणं देत नाही, माफी मागत नाही. पहिल्यांदा पाठवलं तेव्हा सातांपैकी दोन सोडून गेले. पेडण्याच्या त्या गटाने मात्र दुसऱ्याच दिवशी फोन केला, त्यांना नवीन लेबल हवं होतं, या वेळी फणसाच्या साठांचं, म्हणजे फणसपोळीचं.